एक झोपेची गोळी, ६९ तास

भिलाईच्या स्मृति नगरात अशी घरं पुष्कळ आहेत. भिलाई स्टील प्लांटमधून निवृत्त झालेला माणूस, सेक्टरमधलं क्वार्टर सोडून इकडे बांधलेलं दुमजली घर, खाली आईवडील, वर मुलगा-सून. बोलणं घरात मराठी, फाटकाबाहेर हिंदी. गोंदिया, भंडारा, नागपूरकडे नातेवाईक. इथे ज्यांची गोष्ट सांगायची आहे ते कुटुंब कल्पित आहे. त्यांना आपण काका आणि काकू म्हणू. औषधं, ती शरीरात किती तास टिकतात ते आकडे आणि यकृताच्या आजारात एकामागून एक घडत जाणाऱ्या गोष्टी मात्र खऱ्या आहेत.

काका बासष्ट वर्षांचे. नोकरी रेल मिलमध्ये झाली. दारू कधी घेतली नाही. पंधरा वर्षांचा मधुमेह आणि सुटलेलं पोट यांतून यकृतात चरबी साचली, मग यकृत आखडून गाठीगाठीचं झालं. डॉक्टरांनी फाइलवर ‘सिरॉसिस’ लिहिलं त्याला दोन वर्षं झाली. अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांना एकदा बँड बांधून झाले आहेत. पोटात थोडं पाणी आहे. रोजची औषधं चार, त्यातलं सर्वांत कमी मान मिळणारं म्हणजे लॅक्टुलोजचं गोड, चिकट सिरप. घरात त्याला ‘पोट साफ व्हायचं औषध’ म्हणतात. आपत्तीची सुरुवात त्या नावातूनच होते.

शनिवार, सकाळी ७ : ६९ तास उरले

मे महिना. गोंदियाला भाचीचं लग्न. दुर्गहून गाडी पकडायची, राजनांदगाव, डोंगरगड करत अडीच तासांचा प्रवास. काकूंनी बाटली पिशवीत टाकली होती, काकांनी ती काढून फ्रिजवर ठेवली. “गाडीत संडासच्या रांगेत कोण उभं राहील? दोन दिवसांनी काय होते?” बाकीच्या गोळ्या घेतल्या, लघवी वाढवणारीसुद्धा.

सिरॉसिसच्या पेशंटचे नातेवाईक हा प्रसंग लगेच ओळखतील. लॅक्टुलोज सगळ्यात आधी सुटतं ते प्रवासात आणि लग्नात. लाज वाटते, पोट फुगतं, चारचौघांत उठावं लागतं. आणि एक दिवस नाही घेतलं तर काहीच होत नाही, त्यामुळे दुसरा दिवसही सुटतो.

हे सिरप खरं तर मेंदूचं औषध आहे. स्वित्झर्लंडचे योहानेस बिर्शर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ साली ते यकृताच्या पेशंटमध्ये वापरून दाखवलं. मोठ्या आतड्यातले जीवाणू या साखरेचं आम्ल करतात. त्या आम्लात अमोनियाचं रूप बदलतं, त्याला रक्तात परत शिरता येत नाही आणि तो शौचावाटे बाहेर पडतो. म्हणून डॉक्टर दिवसाला दोन-तीन मऊ शौचाचं माप सांगतात. बद्धकोष्ठ असो वा नसो, हे माप पाळायचं असतं.

शनिवार, रात्री ९ : ५५ तास उरले

हॉलमध्ये जेवणावळ. काकांना दिवसभरात शौचाला झालेलं नाही. ऊन भयंकर, पाणी कमी प्यायलं गेलं, लघवीची गोळी मात्र तिचं काम चोख करते आहे. शरीर कोरडं पडत चाललं आहे, पोटॅशियम उतरतं आहे. पोटॅशियम उतरलं की मूत्रपिंडं स्वतः जादा अमोनिया तयार करून रक्तात सोडतात.

आतड्यातून निघालेलं सगळं रक्त आधी यकृतात जातं. धडधाकट यकृत त्यातला अमोनिया धरून त्याचं युरिया करतं आणि तो लघवीतून जातो. आखडलेल्या यकृतातून रक्त सहज पुढे सरकत नाही. दाब वाढतो, रक्त आडवाटा शोधतं आणि यकृताला वळसा घालून थेट हृदयाकडे, तिथून मेंदूकडे पोहोचतं.

ही आडवाट माणसाने आधी मुद्दाम करून पाहिली. निकोलाय एक या रशियन शल्यवैद्याने १८७७ मध्ये कुत्र्यांच्या पोटातली मोठी शीर यकृत टाळून जोडली. १८९३ मध्ये सेंट पीटर्सबर्गला इव्हान पावलोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशी जोडणी केलेल्या कुत्र्यांना मांस खायला घातलं, तेव्हा ती बिथरली, अडखळू लागली, बेशुद्ध पडली. भिलाईला रशियाचं नातं नवं नाही. पहिली झोतभट्टी १९५९ साली पेटली ती सोव्हिएत मदतीने. काकांच्या आजाराचा पहिला धागाही त्याच देशात सापडला होता.

पंगतीत काकांनी पनीर खाल्लं, वरण-भात खाल्ला. पुढे घरचे सगळा दोष या जेवणाला देतील. तो चुकीचा असेल. सिरॉसिसमध्ये डाळ, दूध, अंडी बंद करायची जुनी पद्धत आता मोडीत निघाली आहे. यकृत थकलं की स्नायूच बराचसा अमोनिया उचलतात आणि स्नायू टिकवायला प्रथिनं लागतात. काकांचं बिनसलं ते फ्रिजवर राहिलेल्या बाटलीमुळे.

रविवार, रात्री ११ : २९ तास उरले

संध्याकाळच्या गाडीने परत. काका गाडीत झोपले होते, दुपारी लग्नघरातही झोपले होते. आता घरी गादीवर पडल्यावर डोळे टक्क उघडे. उठून पंख्याचा रेग्युलेटर फिरवतात, फाटकाचं कुलूप पाहून येतात, परत येऊन पडतात. दहा मिनिटांनी पुन्हा कुलूप.

“झोप येत नाही का हो?”

“डोळ्याला डोळा नाही. गरमी किती आहे.”

गरमी आहेच. पण दिवसा झोप आणि रात्री जाग अशी अदलाबदल सिरॉसिसच्या पेशंटमध्ये दिसली की ती नोंदवून ठेवायची गोष्ट असते. अमोनिया आणि इतर विषारी द्रव्यं मेंदूत साचू लागल्याची ती पहिल्या खुणांपैकी एक आहे. डॉक्टर या अवस्थेला हेपॅटिक एन्सेफॅलोपॅथी म्हणतात, लोक शेवटच्या टप्प्यावरून ‘लिव्हर कोमा’. लोकांच्या नावाने नुकसान होतं, कारण कोमा डोळ्यांसमोर असला की कोमाच्या आधीच्या तीन पायऱ्या कुणी शोधत नाही. पहिली पायरी अशीच असते: झोप उलटी होणं, चिडचिड, हिशेबात चूक, एकाच गोष्टीवर अडकून बसणं.

या क्षणी उपाय घरात आहे, फ्रिजवर. रात्रीच तीस मिली दिलं असतं आणि पोट साफ होईपर्यंत ठरलेल्या अंतराने देत राहिलं असतं, तर बहुधा सोमवारी दुपारपर्यंत काका ताळ्यावर आले असते.

सोमवार, पहाटे २ : २६ तास उरले

काकांची आई चौऱ्याऐंशी वर्षांची. तिला वर्षानुवर्षं धडधडीसाठी अल्प्राझोलामची अर्ध्या मिलिग्रॅमची गोळी चालू आहे. स्ट्रिप देवघराशेजारच्या डब्यात असते. काकूंनी तीन रात्री धड झोप घेतलेली नाही.

“आईची एक गोळी घ्या. त्या रोज घेतात, त्यांना कुठे काही होते?”

काका पाण्याबरोबर गोळी गिळतात. पाऊण तासात घोरणं सुरू होतं. काकू दिवा मालवतात.

ही गोळी मेंदूतल्या गाबा नावाच्या रसायनाची ताकद वाढवते. गाबा हा मेंदूचा ब्रेक. यकृताच्या आजारात तो आधीच अर्धा दाबलेला असतो, म्हणून निरोगी माणसाला नुसती पेंग आणणारा डोस इथे शुद्ध घालवू शकतो. पण खरी मेख पुढे आहे. ब्रेकवरचा पाय उचलायचं काम यकृताचं, आणि यकृत तर आजारी. अल्प्राझोलाम यकृतातल्या ज्या एन्झाइमने मोडतं ते सिरॉसिसमध्ये मंदावतं. रक्तातलं औषध निम्म्यावर यायला निरोगी माणसात सरासरी साडेअकरा तास लागतात. दारूमुळे यकृत बिघडलेल्या पेशंटमध्ये ही सरासरी वीस तासांच्या घरात निघाली, आणि काहींमध्ये साठ तासांच्याही वर. काका कोणत्या गटातले हे गोळी गिळण्याआधी सांगता येत नाही.

औषधविक्रीचा कायदा या गोळीबद्दल कडक आहे. १ मार्च २०१४ पासून अल्प्राझोलाम, डायझेपाम, मिडाझोलाम, झोल्पिडेम, ट्रॅमाडॉल ही औषधं ‘शेड्यूल एच-१’ मध्ये आहेत. चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत. दुकानदाराने पेशंटचं नाव, डॉक्टरचं नाव आणि किती गोळ्या दिल्या हे वेगळ्या वहीत लिहून ती वही तीन वर्षं जपायची असते. या स्ट्रिपचीही नोंद आहे, आजींच्या नावावर. देवघराशेजारच्या डब्यातून काकूंच्या हाताने काकांच्या तोंडात गेलेल्या गोळीची वही कोणी ठेवत नाही.

सोमवार, सकाळी ९ : १९ तास उरले

काका अजून झोपलेले. रोज साडेपाचला उठणारा माणूस. सून दोनदा डोकावून जाते. “झोपू द्या, लग्नाची दगदग झाली,” काकू म्हणतात. गोळीचा गुण आला, असं सगळ्यांना वाटतं.

साडेनऊला उठून काका पेपर घेतात. सुडोकू हे त्यांचं रोजचं व्यसन, पेनने सोडवणारा माणूस. आज एका आडव्या ओळीत दोनदा सात लिहिलेला आहे. पुढच्या ओळीत आकडे चौकटीबाहेर गेले आहेत. तिसऱ्या ओळीत चारची आकृती सुरू करून सोडून दिली आहे. पेपर घडी होऊन रद्दीत जातो.

यकृताच्या दवाखान्यांत याचीच परीक्षा घेतात. कागदावर विखुरलेले १ ते २५ आकडे ओळीने रेघेने जोडायचे आणि वेळ मोजायचा. त्याआधीच्या पिढीचे डॉक्टर पेशंटला पाच टोकांची चांदणी काढायला सांगत किंवा रोज एका वहीत सही करवून घेत. सही ओळीवरून घसरू लागली की औषध वाढवत. घरात ही परीक्षा फुकट झाली होती, पेपर मात्र कुणी तपासला नाही.

लॅक्टुलोज आजही दिलेलं नाही. काका झोपेत होते, मग चहाची वेळ झाली, मग राहून गेलं. शौच न होऊन तिसरा दिवस.

सोमवार, दुपारी २ : १४ तास उरले

जेवताना काका चिडले. भाजीत मीठ नाही म्हणून ताट सरकवलं, सुनेला नको ते बोलले. तीस वर्षांत त्यांनी घरात आवाज चढवलेला नव्हता. चहाची कपबशी हातात दिली तर बशी मधूनच खाली झुकली, सावरली, पुन्हा झुकली. चहा लुंगीवर सांडला.

“हात काहून थरथरते बाबा?”

“कोणाचे थरथरते? बशीच वाकडी आहे.”

ती थरथर नव्हती. थरथरीत हात सतत कापतो. इथे मनगट ताठ धरता धरता एकदम सुटत होतं आणि लगेच पूर्ववत होत होतं, कारण स्नायूंना मेंदूकडून जाणारा हुकूम क्षणभर तुटत होता. बोस्टनच्या रेमंड अ‍ॅडम्स आणि जोसेफ फोली यांनी १९४९ मध्ये यकृताच्या पेशंटमध्ये याचं वर्णन केलं आणि पुढे त्याला अ‍ॅस्टेरिक्सिस हे नाव पडलं. तपासायला यंत्र लागत नाही. दोन्ही हात पुढे, बोटं फाकलेली, वाहतूक पोलीस गाडी थांबवताना धरतो तसे पंजे मागे वळवून अर्धा मिनिट धरायला सांगायचं. पंजे फडफडले तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

ही दुसरी पायरी. काकांना आज सोमवार आहे की रविवार हे सांगता आलं नसतं, पण त्यांना कुणी विचारलंच नाही. उन्हाळ्याच्या दुपारी भिलाईत चिडलेला आणि घामेजलेला माणूस पाहून पहिला विचार लू लागल्याचाच येतो. मुलाने मेडिकलमधून ओआरएस आणलं. दुकानदारानेही तेच सांगितलं, “भैया, धूप लग गई है. रात को आराम मिलेगा.”

सोमवार, संध्याकाळी ६ : १० तास उरले

काका घरात येरझाऱ्या घालतात. रेल मिलची शिफ्ट सुटली, बस निघून जाईल, असं म्हणत फाटक हलवतात. निवृत्त होऊन दोन वर्षं झालेली. मुलगा आणि शेजारी धरून त्यांना जवळच्या एका दवाखान्यात नेतात. बाहेर ओळ, आत एकच पंखा. फाइल घरी राहिली आहे. ‘लिव्हरचा त्रास आहे’ हे मुलगा सांगतो, ‘शुगर आहे’ हेही. तीन दिवस शौच झालेलं नाही हे त्याला माहीतच नाही आणि आजीच्या गोळीबद्दल काकू त्याच्याशी बोललेल्या नाहीत.

डॉक्टर ब्लड प्रेशर घेतात. काका पट्टा ओढून काढतात. नर्सला ढकलतात. बाकीचे पेशंट घाबरतात. “पहिले शांत करते हैं, फिर देखते हैं.” दंडात डायझेपामचं इंजेक्शन, दहा मिलिग्रॅम.

या निर्णयामागचं तर्कशास्त्र समजून घ्यायला हवं, कारण ते जगभरच्या दवाखान्यांत रोज चालतं. बिथरलेला माणूस तपासता येत नाही, म्हणून आधी शांत करायचं. दारू सुटल्याची झटक्यांची अवस्था, मनोविकार अशा ठिकाणी ते बरोबरही ठरतं. सिरॉसिसच्या पेशंटची गोष्ट वेगळी आहे. त्याचं बिथरणं हाच तपासणीचा निष्कर्ष असतो आणि इंजेक्शन तो निष्कर्ष पुसून टाकतं.

लंडनच्या शीला शेरलॉक यांनी सहकाऱ्यांसह १९५४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये या आजाराचं चित्र सविस्तर मांडलं होतं. १९६१ मध्ये त्यांच्याच गटाने सिरॉसिसच्या पेशंटना मॉर्फिनचे लहान डोस देऊन मेंदूच्या विद्युतलहरींचा आलेख काढला. ज्यांना आधी अशा गोंधळाचे झटके येऊन गेले होते, त्यांच्या आलेखात थोड्याशा मॉर्फिननेही बिघाड दिसला. तेव्हापासून हे पाठ्यपुस्तकात आहे.

डायझेपामचा हिशेब तर आणखी अवघड. उलरिक क्लोट्झ आणि सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये तो मोजला. हे औषध शरीरात निम्म्यावर यायला त्यांच्या निरोगी गटात सरासरी ४७ तास लागले, सिरॉसिसच्या गटात १०६ तास, म्हणजे चार दिवसांहून जास्त. शिवाय यकृत त्याचं जे पहिलं रूपांतर करतं, त्या द्रव्यातही झोप आणायचा गुण असतोच. काकांच्या रक्तात रात्रीच्या अल्प्राझोलामपैकीही निम्म्याहून जास्त शिल्लक असण्याची शक्यता आहे. एकावर एक, दोन ब्रेक दाबले गेले.

झोपेच्या औषधांच्या याच कुळात जरा कमी धोक्याची दोन-तीन आहेत. लोरॅझेपाम आणि ऑक्झॅझेपाम यकृतात एका साध्या जोडणीने निकामी होतात आणि ती जोडणी सिरॉसिसमध्येही बरीचशी टिकून असते. लोरॅझेपामचा काळ सिरॉसिसमध्ये २२ तासांवरून ३२ तासांवर जातो, ऑक्झॅझेपाममध्ये तर फारसा फरक पडत नाही. दारू सुटल्याच्या झटक्यांसारखी खरीच गरज असेल तेव्हा यकृताचे डॉक्टर यांतलं निवडतात, तेही दवाखान्यात नजरेसमोर ठेवून. घरात झोप येत नाही म्हणून घ्यायला यातलं एकही नाही.

सोमवार, रात्री ९ : ७ तास उरले

काका शांत. मुलाने उचलून पलंगावर ठेवलं. नातेवाइकांचे फोन येतात. “इंजेक्शन दिलं, आता झोपले आहेत. सकाळी शुगरवाल्या डॉक्टरकडे नेतो.” घरातले सगळे दोन दिवसांनी पोटभर जेवतात.

घोरणं वाढलं आहे. श्वास मधूनच अडकतो आणि मोठा आवाज करून सुटतो. जीभ मागे पडू लागली आहे. काकांना कुशीवर वळवायला हवं, पण गाढ झोपलेल्या माणसाला कोण हलवणार?

झोप आणि बेशुद्धी यांतला फरक ओळखायला डॉक्टर व्हावं लागत नाही. झोपलेला माणूस हाकेला डोळे उघडतो, नाव सांगतो, शिव्या घालतो आणि परत झोपतो. या घरात रात्री नऊला हाक मारली गेली नाही.

सोमवार, रात्री १२ : ४ तास उरले

काकू पाणी प्यायला उठतात. काकांच्या अंगावरून हात फिरवतात. गादी ओली. हाक मारतात, हलवतात. डोळ्यांच्या पापण्या किंचित हलतात, बस. तोंडाला एक वेगळाच वास, गोडसर, कुबट, सडलेल्या फळासारखा. यकृताच्या वॉर्डात काम केलेली नर्स हा वास दारातून ओळखते. आतड्यात तयार झालेली काही गंधकयुक्त द्रव्यं यकृताला चुकवून फुप्फुसांपर्यंत आली की श्वासाला हा वास येतो.

काकू मुलाला वरून बोलावतात. मुलगा जोरात चिमटा काढतो. काका कण्हतात, हात ओढून घेतात, बोलत नाहीत. तिसरी पायरी ओलांडून चौथीकडे.

“इंजेक्शनची गुंगी असेल का?”

हा प्रश्न दीड तास खातो. दवाखान्याचा फोन लागत नाही. एक नातेवाईक म्हणतो, गुंगी सकाळपर्यंत राहतेच. काकू पहिल्यांदाच आजींच्या गोळीची गोष्ट सांगतात. मुलगा फोनवर गोळीचं नाव शोधतो आणि १०८ लावतो.

मंगळवार, रात्री १:३० : अडीच तास उरले

स्मृति नगरातून नेहरू नगर चौक, तिथून जी. ई. रोड. रस्ता मोकळा आहे. भिलाईत मोठे दवाखाने आहेत, आणखी पुढे रायपूरला एम्स आहे. सोयींचा प्रश्न नव्हताच. सोमवारी सकाळी याच रस्त्यावरून काका स्वतः चालत जाऊन रिक्षात बसले असते.

मंगळवार, पहाटे ३ : १ तास उरला

इमर्जन्सीत पहिलं काम बोटाला टोचून साखर बघणं. थकलेल्या यकृताला साखर सोडता येत नाही, आणि साखर उतरल्यानेही माणूस असाच पडतो. साखर ठीक निघाली. मग डोक्याचा सीटी स्कॅन, कारण सिरॉसिसमध्ये प्लेटलेट कमी असतात आणि मेंदूत रक्तस्राव झाला असू शकतो. पोटातल्या पाण्याचा नमुना, त्यात जंतू शिरले असतील तर तेही एक कारण. पोटॅशियम, सोडियम, क्रिएटिनिन. दाखल करून घेणाऱ्या डॉक्टरांचा पहिला प्रश्न रुग्णाला नसतो: “पोट कब से साफ नहीं हुआ? नींद की कोई दवा दी है?” फाइलमध्ये सापडली नसती अशी दोन उत्तरं काकू दारातच देतात.

डायझेपामच्या कुळाला उतारा आहे, फ्लुमाझेनिल. शिरेतून दिल्यावर काही पेशंट काही मिनिटांत डोळे उघडतात. पण त्याचा असर तासाभरात ओसरतो आणि डायझेपाम मात्र अजून कित्येक दिवस रक्तात राहणार आहे. अनेक चाचण्यांचा एकत्र आढावा घेतल्यावर निघालेला निष्कर्ष असा की त्याने माणूस तात्पुरता शुद्धीवर येतो, त्याने जीव वाचतात असं दिसलेलं नाही. मूळ काम पुन्हा तेच, नाकातल्या नळीतून लॅक्टुलोज, खालून एनिमा.

नळी घालण्याची तयारी चालू असताना काकांना उलटी होते. शुद्धीतला माणूस ठसकतो, खोकतो, गिळतो. काका यातलं काही करत नाहीत. ओआरएस, चहा, संध्याकाळचा भात फुप्फुसात उतरतो.

मंगळवार, पहाटे ४ : ० तास

श्वासनलिकेत नळी, व्हेंटिलेटर. फाइलवर दोन निदानं: चौथ्या पायरीची हेपॅटिक एन्सेफॅलोपॅथी, आणि फुप्फुसात अन्न गेल्याने होणारा न्यूमोनिया.

यातलं पहिलं बरं होऊ शकतं. अमोनिया उतरला, औषधाची गुंगी ओसरली की माणूस दोन-तीन दिवसांत डोळे उघडतो आणि पुष्कळदा आपलं नाव सांगतो. दुसरं तसं नाही. अशा पेशंटचा जीव अनेकदा मेंदूमुळे जात नाही, त्या रात्री फुप्फुसात उतरलेल्या दोन घोटांमुळे जातो.

आणि जे वाचतात त्यांच्यासाठीही ही रात्र एक रेघ ओढून जाते. बार्सेलोनाच्या डॉक्टरांनी १९९९ मध्ये अशा १११ पेशंटचा माग प्रसिद्ध केला. एन्सेफॅलोपॅथीचा पहिला ठसठशीत झटका येऊन गेल्यावर एका वर्षानंतर जिवंत असण्याची शक्यता ४२ टक्के, तीन वर्षांनंतर २३ टक्के होती. त्यानंतर आतड्यातले जीवाणू दाबणारं रिफॅक्सिमिन तपासलं गेलं. २०१० मध्ये मोठ्या चाचणीत लॅक्टुलोजच्या जोडीने त्याने नवे झटके निम्म्याहून कमी केले. तरीही असा झटका आला की डॉक्टर यकृत प्रत्यारोपणाचा विषय काढतात, तो या आकड्यांमुळेच.

आता मागे वळून पाहिलं तर या ६९ तासांत दोषी असा कुणीच दिसत नाही. काकांनी लाज वाटून सिरप सोडलं. काकूंनी नवऱ्याला झोप मिळावी म्हणून गोळी दिली. दुकानदाराने उन्हाळ्याचं निदान केलं, डॉक्टरांनी बिथरलेल्याला शांत केलं. प्रत्येकाने त्या तासातला त्रास कमी केला आणि प्रत्येक वेळी तो त्रास कमी होताना आजाराची एक खूण झाकली गेली. झोप येत नव्हती म्हणून झोपवून, चिडत होते म्हणून गुंगवून. शेवटी सांगण्यासारखं लक्षण काकांकडे उरलंच नाही.

म्हणून सिरॉसिसच्या पेशंटच्या घरात काही गोष्टी कागदावर असाव्यात. फाइलच्या पहिल्या पानावर जाड अक्षरात: झोपेची, गुंगीची, भूल देणारी औषधं यकृताच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. त्यात सर्दीच्या आणि खाजेच्या गुंगी आणणाऱ्या गोळ्या, कोडीनची खोकल्याची औषधं आणि ट्रॅमाडॉलही आली. खाजेवर दिली जाणारी हायड्रॉक्सिझिन झोपेसाठी वापरून पाहणाऱ्या एका स्विस चाचणीतही एका पेशंटला असा झटका आला होता. दात काढायचा असो वा दुर्बीण घालायची असो, भूल देणाऱ्याला ‘सिरॉसिस आहे’ हे आपण होऊन सांगायचं. घरात दुसऱ्या कुणाची झोपेची गोळी चालू असेल तर ती त्याच्याच कपाटात, कुलपात. प्रवासाच्या पिशवीत लॅक्टुलोज सगळ्यात आधी.

आणि लिव्हरचा पेशंट रात्री ‘झोप येत नाही’ म्हणाला की घरच्यांनी उलट विचारायचं: आज पोट किती वेळा साफ झालं? मग दोन्ही हात पुढे धरायला सांगायचं, वार विचारायचा, शंभरातून सात वजा करत जायला सांगायचं. पोट साफ नसेल आणि बाकी उत्तरं बरोबर असतील तर डॉक्टरांनी सांगितलेल्या मापाने सिरप द्यायचं आणि सकाळी त्यांना फोन करायचा. पंजे फडफडले किंवा वार चुकला तर सकाळची वाट पाहायची नाही, फाइल घ्यायची आणि गाडी काढायची.